नीलाक्षी नावाची गयाताई

गयाताईला निवांत बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. चहा दिला तर कप हातात घेऊन ती अंगणात फेऱ्या मारायची. जेवायचीही उभ्यानं, ओट्याला टेकून, ताटली डाव्या हातावर धरून. पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाली, "उभ्यानंच बोलू बाई. बसलं की मला रडू येतंय." मला ते जरा नाटकी वाटलं. ती सिनेमात होती हे तोवर कळलेलं होतं, त्यामुळे तसं वाटायला सोपं गेलं.

मी तेव्हा सेलूला शाळेत मराठी शिकवत होते. आमच्या घरमालकांची, अप्पांची, अंगणाच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं होती. एकात मी. दुसरं रिकामं होतं, तिथं एका उन्हाळ्यात ती एक लोखंडी पेटी, एक कॉट आणि गुंडाळलेली गादी घेऊन उतरली. साठीच्या आसपासची, उंच, सावळी, पाठ ताठ. चेहरा असा की पाहणारा माणूस काहीतरी आठवायला लागायचा. अप्पांना लगेच आठवलं. पेटी टेम्पोतून खाली यायच्या आत ते माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ही नीलाक्षी हाय. आमी कॉलेजात असताना हिचा पिक्चर बघायला सायकलीवर परभणीला गेलो होतो."

पडद्यावर नीलाक्षी, घरी गया. पेडगावच्या बौद्ध कुटुंबातली. वडील शेतमजुरी करत आणि भीमगीतांच्या गायन पार्टीत पुढे उभं राहून गात. माईक नसला तरी त्यांचा आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा, असं ती सांगायची. ती सतरा-अठरा वर्षांची असताना पेडगावच्या शिवारात एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. कापूस वेचणाऱ्या बायांमध्ये उधळलेला बैल शिरतो आणि बाया पळतात, असा प्रसंग होता. गावातल्याच बाया उभ्या केल्या होत्या. बैल सोडला तशा सगळ्या पदर सावरत, हसत, कॅमेऱ्याकडे बघत पळाल्या. गया तेवढी खरी पळाली. बांध ओलांडला, नाला ओलांडला, डांबरी रस्त्याला लागली तरी थांबेना. तिला परत आणायला जीप पाठवावी लागली. दिग्दर्शकानं विचारलं, एवढी लांब कशाला गेलीस? ती म्हणाली, "तुमीच म्हणले पळा. थांब म्हणून कुणी म्हणलंच न्हाई."

त्या उत्तरावर तिला सिनेमा मिळाला. कोल्हापूरला गेल्यावर नाव बदललं, भुवया कोरल्या. पहिल्या सिनेमात नायिकेच्या मैत्रिणींत होती, दुसऱ्यात नायिकेची धाकटी बहीण, आणि तिसऱ्यात ती स्वतः नायिका. तो चांगला चालला. पण तीनही सिनेमांत आवाज तिचा नाही. तोंड उघडलं की 'आमी', 'लय', 'करायले' बाहेर पडायचं. पडद्यावरच्या पाटलाच्या लेकीला हे शोभत नाही असं ठरलं, आणि पुण्याच्या कुणा बाईंनी तिचे सगळे संवाद म्हटले. सिनेमात असंच असतं, असं तिला सांगितलं होतं. तिनं ते मानलंही होतं.

तिसरा सिनेमा परभणीला लागला तेव्हा ती वडिलांना घेऊन गेली. लोकांनी ओळखलं, भोवती गर्दी झाली, थिएटरच्या मॅनेजरनं पेढे आणले. वडील पूर्ण सिनेमा पुढे वाकून बघत होते. बाहेर पडल्यावर गर्दीतून पुढे चालू लागले. मग रस्त्यात थांबून म्हणाले, "तोंड तर तुझंच हाय, गया. बोलली कोण?"

ही गोष्ट मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली. दर वेळी त्या वाक्याशी आली की ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला चालत जायची आणि तिथून पुढचं सांगायची, त्यामुळे पुढचं नेहमी थोडं मोठ्यानं ऐकू यायचं. पुढचं असं की चौथ्या सिनेमाचं अर्धं काम झालेलं असताना तिनं निर्मात्याला सांगितलं, ह्यात माझं मीच बोलणार. त्यानं हसून विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तोंडाला रंग तसाच, अंगावर कामाची नऊवारी तशीच, ती स्टँडवर गेली आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत बसली. सिनेमा कायमचा बंद पडला. काम अर्ध्यात टाकून जाणारी बाई, असं तिचं नाव झालं आणि ते नाव तिच्यापेक्षा लवकर सगळीकडे पोचलं. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

"चूक झाली असं वाटतं का?" मी एकदा विचारलं.

"झाली असंल की," ती म्हणाली. "त्या माणसाचं लय नुकसान झालं. पण बाई, मी ठरवून गेलेच न्हाई. पाय निघाले, मी त्यांच्या मागं गेले."

पुढे तिला भाऊराव भेटले. राणीसावरगावच्या मराठा घरातले. जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवत फिरायचे. तिचाच सिनेमा घेऊन हिंडत होते. लग्न झालेलं होतं, गावाकडे बायको होती, मुलं होती, आणि हे गयाताईला माहीत होतं. तरी ती त्यांच्याबरोबर राहिली, कारण, ती म्हणायची, "त्याचं घर चाकावर होतं." तंबूत सिनेमा सुरू व्हायच्या आधी भाऊराव तिला पडद्यापुढे उभं करायचे. ती आपल्या बोलीत लोकांशी बोलायची, चार गमती सांगायची, खाली उतरायची. मग पडद्यावर तीच बाई दुसऱ्या आवाजात बोलू लागली की लोक आधी चुळबुळ करायचे, नंतर विसरून जायचे. ही तिची बरी वर्षं. घरोघर टीव्ही आले, तंबूला माणूस येईना. भाऊरावांना अर्धांगवायूचा झटका आला, भावकी त्यांना गावी घेऊन गेली, आणि ते तिथंच वारले. यावर ती जास्त बोलत नसे. एवढंच म्हणायची, "मी तवा परभणीत होते."

त्यानंतरचं तिचं आयुष्य म्हणजे भाड्याच्या खोल्या. परभणी, जिंतूर, मानवत, पुन्हा परभणी, मग सेलू. लग्नांमध्ये नवरीला साडी नेसवून द्यायची, शाळांच्या गॅदरिंगला मुलींचे नाच बसवायची, त्यावर भागायचं. एका जागी तिचा जीव लागत नसे. खोली सोडता आली नाही तर ती खोलीतली कॉट हलवायची. आठवड्यातून एकदा तरी समोरून लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. विचारलं की म्हणायची, "भिंतींची वळख झाली की झोप येत न्हाई."

रविवारी तिची एक ठरलेली फेरी असायची. सकाळी बसनं देवगाव फाट्याला जायची, तिथल्या हॉटेलात दोन कप चहा प्यायची, आणि संध्याकाळी परत. तिथं तिचं कुणी नव्हतं. मला वाटायचं, जुन्या ओळखीचं कुणी भेटत असेल. एका रविवारी मीच तिच्याबरोबर गेले. ती फाट्यावर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक गाडी जालन्याकडून आली, एक जिंतूरकडे गेली, उसाचा ट्रॅक्टर गेला. कंडक्टर ओळखीचा असावा, त्यानं हात केला. ऊन वाढलं तशी मी हॉटेलातल्या बाकावर बसले. ती तिथंच.

"ताई, इथं काय बघता तुम्ही?"

"काय न्हाई. हितून कुठं बी जाता येतंय."

"मग जायचं आहे का कुठं?"

"न्हाई ना," ती म्हणाली, जणू मी फारच साधी गोष्ट विचारली होती. "जायचं कुठं न्हाई. पण जाता येतंय."

तिचे वाईट दिवस यायचे तेव्हा मात्र हे इतकं गोड नसायचं. झोप जायची. दिवसभर चालत राहायची, पाय सुजायचे, बोलणं तुटक व्हायचं, खाणं सुटायचं. एकदा भर उन्हात पाथरीच्या रस्त्यावर अनवाणी चाललेली अप्पांना दिसली. मोटारसायकलवर बसवून आणली तर वाटेत दोनदा उतरली. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की ती दिवसच्या दिवस कॉटवर पडून राहायची, उठली की माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "गोळीनं पाय माझे राहत न्हाईत, बाई. कुणाचे तरी लावल्यावानी वाटतंय." मग गोळ्या बंद. मग पुन्हा चालणं. मी समजवायची, ती ऐकून घ्यायची, आणि गोळ्यांची पाकिटं पेटीच्या तळाशी साठत जायची.

अशातच ते दोघे तरुण आले. मोबाईलवर चॅनल चालवायचे. विस्मरणात गेलेले कलावंत शोधून त्यांच्यावर व्हिडिओ करायचे. बोलायला नम्र होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि मग त्यातला एक चाचरत म्हणाला, "मावशी, एखादी जुनी, जरा फाटकी साडी असंल तर... म्हणजे लोकांच्या काळजाला भिडायला पाहिजे."

मी त्यांना बाहेर काढायला पुढे झाले. गयाताईनं मला नजरेनंच थांबवलं आणि खोलीत गेली. बाहेर आली ती दुसरीच कुणीतरी. केस सोडलेले, गालाला राख लावलेली, खांद्यावर फाटलेली साडी, आणि तिची ती ताठ पाठ पार वाकलेली. मुलगा म्हणाला, पायरीवर बसा. ती बसली. मुलानं मोबाईल धरला. "सांगा मावशी."

आणि ती बोलली. मुलाबाळांनी टाकलं, म्हणाली; तिला मूल नव्हतंच. मंदिराच्या पायऱ्यांवर मागून खाते, म्हणाली. पाऊस आला की दुकानाच्या फळीखाली झोपते. नवऱ्याचं शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, म्हणाली, आणि तिथं जरा थांबली. मी दारात उभी होते. सगळं खोटं आहे हे ठाऊक असून मला ते खरं वाटू लागलं. तो मोबाईल धरणारा मुलगा तर बाहीनं डोळे पुसत होता. इतका वेळ सलग बसलेली ती मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

ते गेल्यावर मी रागावले. "ताई, असं खोटं का सांगितलं? आणि हे असं, भिकाऱ्यासारखं..."

"खोटं न्हाई बाई, काम होतं ते." ती तोंड धूत होती. पाठ पुन्हा सरळ झाली होती. "त्या पोरानं बस म्हणलं, बसले. रड म्हणलं, रडले. परत घ्यावं लागलं न्हाई. बगा तुमी."

दोन दिवसांनी व्हिडिओ आला. माझ्या मोबाईलवर तिनं तो उभ्यानं पाहिला. डोळे बारीक करून, कुणा परक्या नटीचं काम तपासावं तशी. "हितं मान जरा उशिरा उचलायला पायजे होती," म्हणाली. संपल्यावर मोबाईल कानाला लावून पुन्हा लावायला सांगितला. चित्र न बघता नुसतं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "माझाच हाय की आवाज." तो सगळा दिवस ती खुशीत होती. संध्याकाळी मला भाकरी करून खाऊ घातली.

व्हिडिओ गावभर गेला, गावाबाहेर गेला. लोक येऊ लागले. कुणी तांदळाचं पोतं आणलं, कुणी चादर, आणि तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. पक्क्या घरात, धुतलेल्या साडीत तिला पाहून काही जण नाराज झाले. एकानं तर विचारलं, "मंदिर कोणतं?" अप्पा अस्वस्थ झाले. त्यांचा स्वभाव भांडायचा नव्हता. मला मध्ये घालून त्यांनी निरोप दिला की महिनाअखेर दुसरं घर बघितलं तर बरं.

मग तिचे धाकटे भाऊ आले, अशोक. परभणीत कारकुनी करून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. अंगणातच उभे राहून बोलले.

"अक्का, आमी मेलो होतो का? लेकीच्या सोयरिकीची बोलणी चालू हायेत माझ्या. पावणे विचारायलेत, तुमची बहीण भीक मागायली का म्हणून. बापानं आयुष्यभर मान वर करून जगायला शिकवलं, आन् तू..."

"मी काम केलं, आशोक."

"काम? कुणी दिलं तुला काम?"

ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. झोप पार गेली. अंगणात तिच्या फेऱ्या चालूच. एकदा भोवळ येऊन पडली, कपाळाला खोक पडली. मीच अशोकना फोन केला. त्यांनी एक आश्रम पाहिला, दूरचा. मनाचं बिघडलेल्या निराधार बायांना ठेवून घेतात, कुंपण पक्कं आहे, म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काळजी होती आणि सुटकाही होती. मी त्यांना नावं ठेवत नाही. मला तरी दुसरं काय सुचत होतं?

ठरल्या सकाळी ते जीप घेऊन आले. पेटी बाहेर काढली. गयाताई फाटकाला धरून उभी होती. तेवढ्यात एक ऑटो येऊन थांबला आणि त्यातून एक ठेंगणी, जाड म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उतरली. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. बरोबर सुट्टीला आलेली तिची नात. म्हातारीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि सरळ गयाताईसमोर जाऊन उभी राहिली.

"वळखलं का? मी सुमन. राणीसावरगावची."

भाऊरावांची पहिली बायको. अशोक मध्ये पडायला निघाले, पण ती त्यांच्याकडे न बघताच बोलत राहिली. "ह्या पोरीनं मोबाईलवर दावलं मला. ते भीक मागायचं सगळं खोटं हाय, ते मला बघताच कळलं. पण एक खरं बोललीस तू. तोंड बघू दिलं न्हाई म्हणलीस."

व्हिडिओत त्या वाक्याशी ती का थांबली होती, हे मला आत्ता कळलं.

"बाई," सुमनबाई माझ्याकडे वळल्या, "मयत आतल्या अंगणात होतं. ही आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. भावकीनं हिची जात काढली. ही आत आली तर आमी मयताला हात लावणार न्हाई, म्हणले. मी काय केलं? उठून दार लावलं. कुणी सांगितलं न्हाई मला, मीच लावलं. तवा बरोबरच केलं असं वाटलं. माझ्या संसाराची माती हिनं केली होती."

जीपचा ड्रायव्हर खाली उतरून दुसरीकडे बघत होता.

"आता घरात मी एकटी हाय," सुमनबाई म्हणाल्या. "पोरं पुण्याला. चल घरी."

"ताई, ऐकून घ्या," अशोक म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता आणि तो दुखावलेला असणं बरोबरच होतं. "ज्या घरानं माझ्या बहिणीला उंबरा शिवू दिला न्हाई, त्या घरात ती जाणार? अक्का, काही मान हाय का न्हाई आपल्याला?"

गयाताई प्रथमच त्यांच्याकडे वळली. "तुझ्या घरी मला जागा हाय का, आशोक?"

तिनं ते भांडून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. अशोकनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली पाहिलं.

मग ती सुमनबाईंना म्हणाली, "दाराला कुलूप लावता का?"

"कडी हाय. आतून काढता येती."

"मी बसत न्हाई एका जागी."

"मग हिंड की. रान पडलंय एवढं."

पेटी ऑटोत मावेना. शेवटी अशोकनीच ती जीपमध्ये चढवली आणि तिघींना राणीसावरगावला सोडून आले.

नंतर अधूनमधून सुमनबाईंशी फोनवर बोलणं व्हायचं. गयाताई फोनवर येत नसे. सगळं सुरळीत झालं असं नाही. भावकीतल्या दोन घरांनी येणं-जाणं बंद केलं. एकदा गयाताई कुणाला न सांगता निघून गेली आणि गंगाखेडच्या स्टँडवर सापडली. सुमनबाई स्वतः जाऊन तिला घेऊन आल्या. गोळी रोज भाकरीबरोबर समोर ठेवतात. कधी घेते, कधी नाही. "ती हिंडती मनून मी बी हिंडते," सुमनबाई म्हणाल्या. "गुडघे लय बोलायलेत माझे. पण एकटी सोडवत न्हाई."

पुढच्या वर्षी गंगाखेडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. एका दुपारी ते लवकर सुटलं तशी मी राणीसावरगावला गेले. गयाताई वाळली होती, केस पूर्ण पांढरे झाले होते. मला ओळखलं, हात धरला, शाळेचं विचारलं. सिनेमाचा विषय मी काढला नाही, तिनंही नाही. सुमनबाईंनी चहा केला. आम्ही दोघी बसून प्यायलो, ती अंगणात फिरत प्यायली. कप ठेवला आणि पायात चप्पल घातली. सुमनबाई माझी माफी मागितल्यासारखं हसल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिच्या मागं निघाल्या.

मी गाडीची वाट बघत रस्त्यावर उभी होते. समोर तुरीची रानं आणि त्यांच्या मधून जाणारी पाऊलवाट. गयाताई पुढे, तिच्या त्या नेहमीच्या झपाझप चालीनं. सुमनबाई खूप मागे, एका पायानं लंगडत. दोघींमधलं अंतर वाढत गेलं. वाट जिथं ओढ्याकडे वळते तिथं गयाताई दिसेनाशी होणार असं वाटत असतानाच ती थांबली. मागे वळून पाहिलं नाही. नुसती उभी राहिली, हात मागे बांधून. सुमनबाई सावकाश तिच्यापाशी पोचल्या, दम खाल्ला. मग दोघी ओढ्याकडे वळल्या.